बोललेलं कागदावर कसं आणायचं: कोल्हापुरी बोलीतून लेखी मराठीकडे

'जेवलासा का?' हा प्रश्न कोल्हापुरात पाहुण्याला, सासऱ्यांना, तालमीतल्या वस्तादांना विचारतात. लिहून घेणाऱ्याने त्याचं 'जेवलास का?' केलं की एक काना जातो आणि त्याच्याबरोबर आदरही जातो. बरोबर लेखी रूप 'जेवलात का?' हे आहे. इथे कान चुकलेला नसतो. अक्षरं नीट ऐकलेली असतात, पण त्यांना व्याकरण दुसऱ्या गावचं लावलेलं असतं.

तालमीचा इतिहास, गुऱ्हाळाची माहिती, आजीच्या आठवणी, मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त असं काहीही बोलण्यातून लिखाणात आणायचं असेल, तर पुढची पद्धत उपयोगी पडेल. तिच्यात तीन प्रती होतात: ऐकलं तसं उतरवलेली पहिली, बोली राखून वाचायला सोपी केलेली दुसरी आणि प्रमाण मराठीतली तिसरी. 'हाय'चं 'आहे' करणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. बोलताना आवाज, हात आणि समोरची जागा जे सांगत होती, ते कागदावर शब्दांत भरायचं, हे खरं काम. बहुतेकांचा क्रम इथेच उलटा होतो. ते आधी शब्द धुऊन काढतात आणि भोकं तशीच ठेवतात.

रेकॉर्डिंगच्या आधी

चांगल्या प्रतीची सुरुवात चांगल्या आवाजाने होते. फोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून हातभर, म्हणजे साधारण अर्ध्या मीटरच्या आत ठेवावा. खाली दुमडलेला रुमाल ठेवला की टेबलावरच्या कपबशीचा खणखणाट आत येत नाही. फोन विमान मोडवर टाकावा, नाहीतर ऐन मुद्द्यावर कॉल येतो आणि काही फोनमध्ये रेकॉर्डिंग तिथेच बंद पडतं. ॲपमध्ये सोय असेल तर वेव्ह फाइल निवडावी. 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, मोनो अशा एका तासाच्या फाइलला साधारण 318 एमबी जागा लागते, तेवढी आधी मोकळी करावी. जागा कमी असेल तर एमपी3 चालेल, पण मग बिटरेट 128 केबीपीएसच्या खाली नको.

जागेची निवड महत्त्वाची. गुऱ्हाळात उसाचा चरक चालू असताना आणि चुलवाण, म्हणजे तिथली मोठी चूल, भडकलेलं असताना मुलाखत घेऊ नये. गुळव्याचं (गूळ शिजवणाऱ्याचं) अर्धं लक्ष काहिलीत, म्हणजे रस उकळण्याच्या मोठ्या कढईत असतं आणि मायक्रोफोनला इंजिनच ऐकू येतं. काहील उतरली, गूळ वाफ्यात (तो निवायच्या जागेत) ओतला, की मधे थोडी सवड मिळते. तेव्हा बाजूच्या झाडाखाली बसावं. काम चालू असतानाचं बोलणंही हवंच असेल, तर ते वेगळं रेकॉर्ड करावं आणि त्या वेळी हातात वही ठेवावी. वही कशासाठी, ते पुढे येईल.

सुरुवातीला तारीख, गाव, तालुका आणि बोलणाऱ्याची संमती त्याच्याच आवाजात घ्यावी. तालुका का? चंदगडची बोली शिरोळच्या बोलीसारखी नाही. चंदगडात कोकणी कानावर येते, गडहिंग्लजकडे कन्नडचा शेजार आहे. 'कोल्हापुरी' हा शब्द मिसळीच्या पाटीवर पुरतो, भाषेच्या नोंदीत पुरत नाही.

पहिली प्रत: ऐकलं तसं

एका तासाचं बोलणं नीट उतरवायला चार ते सहा तास लागतात. दोघंतिघं एकदम बोलत असतील तर त्याहून जास्त. ते दिवसात विभागावेत. सलग दोन तासांनंतर कान स्वतःच्या मनाचं ऐकायला लागतो.

बोलून टाइप करण्याची सोय इथे दगा देते. 'न्हाई' म्हटलं तरी ती बऱ्याचदा 'नाही' उमटवते, 'येळ'ला 'वेळ' करते आणि ओळखीचा नसलेला शब्द आला की भलताच ठोकून देते. मजकूर वाचायला स्वच्छ दिसतो, म्हणून चूक सापडतही नाही. पहिली प्रत हातानेच टाइप करावी. टाइप करताना 'गुऱ्हाळ', 'करणाऱ्या' यांतला अर्धा र नीट आला का तेही पाहावं. कीबोर्डवर साधा र न घेता नुक्त्याचा ऱ, मग हलन्त (पाय मोडायची खूण), मग पुढचं अक्षर असा क्रम घेतला की ऱ्ह, ऱ्य उमटतात. साधा र घेतला तर 'करणार्या'मध्ये रफार वर चढतो आणि उच्चारच बदलतो.

टाइप करायला बसण्याआधी एका पानावर शब्दांची यादी करावी. एकाच माणसाच्या तोंडचं 'न्हाई' कुठे 'नाय', कुठे 'न्हाय' असं लिहिलं गेलं, तर नंतर कळत नाही की तो तसा बोलला की टाइप करणाऱ्याचा हात तसा गेला. उच्चार खरंच वेगळे असतील तर वेगळे लिहा. एकच असेल तर एकच लिहा. यादीत हाय, न्हाई, व्हय, त्यो, हिकडं, तवा, जवा, कवा, लई, येळ, इहीर, पानी असे वीस-पंचवीस शब्द पुरतात.

खुणा थोड्याच ठेवाव्यात. थांबला तर (.), जास्त थांबला तर (..), हसला तर [हसतात], ऐकू आलं नाही तर [अस्पष्ट 12:40]. चौकोनी कंसातली वेळ फार कामाची असते, कारण त्या जागी परत जाऊन दुसऱ्याला ऐकवता येतं. अंदाजाने शब्द भरू नये. आवाज नसलेल्या बाबींसाठी [हात: काहिलीकडे] अशी खूण करावी, आणि त्यासाठीच वही लागते. बोलण्यात 'ते हे', 'असं', 'हितनं तितपर्यंत' हे शब्द शेकड्याने येतात आणि एकटे ते काहीच सांगत नाहीत. गुळव्या 'हे मारायचं' म्हणतो तेव्हा त्याचा हात भेंडीच्या पाण्याच्या बादलीकडे असतो. त्या क्षणी वहीत '14:05 बादली' एवढं टिपलं तरी पुरे. नंतर कितीही वेळा रेकॉर्डिंग ऐकलं तरी हात दिसत नाही.

ठिकाणांचंही तसंच. 'तिकटीला उभा होतो' म्हणजे कुठल्या तिठ्यावर, मिरजकर तिकटी की पापाची तिकटी? सांगणाऱ्याच्या पेठेवरून त्याचं उत्तर असतं आणि त्याला ते इतकं उघड वाटतं की तो सांगत नाही. तिथल्या तिथे विचारून घ्यावं.

जिथे पाय घसरतो

पहिल्या प्रतीपासून दुसऱ्या प्रतीकडे जाताना शब्दांपेक्षा क्रियापदं जास्त फसवतात.

'त्यो जेवाय लागलाय' किंवा भरभर बोलताना 'त्यो जेवालाय', याचा अर्थ तो आत्ता जेवत आहे. शब्दाला शब्द लावून 'तो जेवायला लागला आहे' केलं, तर प्रमाण मराठीत त्याचा अर्थ आत्ता सुरुवात केली, किंवा आजारातून उठून पुन्हा जेवू लागला, असा होतो. 'पाऊस पडालाय' म्हणजे पडतो आहे. 'काय करालायस?' म्हणजे काय करतोयस. आठवणींमध्ये ही चूक झाली की घटनांचा क्रमच बदलतो: आधी चालू असलेलं काम वाचकाला नवीन सुरू झालेलं दिसतं.

दुसरी जागा बायकांच्या बोलण्यातली. कोल्हापूर भागात कितीतरी बायका आणि मुली स्वतःबद्दल 'मी जातो', 'मी आलो', 'मी भाकरी करतो' असंच बोलतात. ही चूक नाही, इथली रीत आहे. शहरातल्या कॉलेजातही ऐकू येईल. पहिल्या प्रतीत ते तसंच ठेवावं आणि पानाच्या डोक्यावर बोलणारी स्त्री आहे याची नोंद असावी. दुसऱ्या प्रतीतही ठेवावं, एकदाच खाली टीप द्यावी. तिसऱ्या, प्रमाण मराठीतल्या प्रतीत मात्र 'जाते, करते' करावं, कारण तिथे वाचक फक्त माहिती शोधत असतो आणि अडखळेल. अर्ध्या ठिकाणी 'करतो' आणि अर्ध्या ठिकाणी 'करते' असं ठेवणं सगळ्यात वाईट. वाचणाऱ्याला वाटतं की दोन माणसं बोलत आहेत.

'आपण'चा अर्थही विचारून घ्यावा. 'आपण काय त्या भानगडीत पडलो न्हाई' या वाक्यात आपण म्हणजे मी असतो, क्वचित आम्ही असतो, पण ऐकणारा त्यात बहुधा नसतोच. लेखी मराठीत 'आपण' म्हणजे तुम्ही-आम्ही मिळून, किंवा आदराने तुम्ही. तसंच ठेवलं तर वाचक स्वतःलाही त्या भानगडीत मोजतो.

नपुंसकलिंग जपून हाताळावं. 'पोरगं लई हुशार हाय, धडपडतंय' यात माया आहे. 'ते म्हातारं काय ऐकतंय?' यात माया आहे की वैताग, हे फक्त सूर सांगतो. दुसऱ्या प्रतीत एक शब्द घालून तो सूर वाचकाला द्यावा लागतो.

आणि मग 'की'. कोल्हापुरी माणसाच्या वाक्यात हा एवढासा शब्द चार कामं करतो. 'बस की' म्हणजे आग्रह. 'हाय की' म्हणजे ठाम होकार. 'त्यो म्हनला की येतो' इथे जोडणी. 'पाऊस आला की निघायचं' इथे वेळेची अट. लेखी मराठीत शेवटची दोन सहज चालतात. पहिली दोन कागदावर आली की एक तर गावरान ठसका म्हणून हसू आणतात, नाहीतर वाचकाला पुढचं वाक्य राहिलं असं वाटतं. आग्रहासाठी 'बसा ना' करता येतं. 'हाय की'साठी 'आहेच' हे सगळ्यात जवळचं.

बोलताना आपण क्रियापद आधी टाकून देतो आणि उरलेलं मागून जोडतो: 'उतरायची मग लगीच', 'आल्ता काय रं त्यो काल?' ऐकताना गोंधळ होत नाही, कारण आवाजाचा चढउतार वाक्य धरून ठेवतो. कागदावर तो नसतो, म्हणून लेखी मराठीत क्रियापद शेवटी नेऊन वाक्य बंद करावं लागतं. आघाताचंही असंच. 'मी काल गडहिंग्लजला गेलो न्हवतो' यात 'काल'वर जोर दिला तर 'परवा गेलो होतो' हे न बोलताच कळतं. 'मी'वर दिला तर दुसरा कोणीतरी गेला होता. लिहिताना 'काल नव्हे, परवा गेलो होतो' असं उघड म्हणावं लागतं, किंवा 'मीच' असा च जोडावा लागतो. च हे लेखी मराठीतलं आघाताचं हत्यार आहे. मात्र एका वाक्यात दोन आले तर दोन्ही बोथट होतात.

आकड्यांवरूनही भांडणं लागतात. पावणेदोनशे म्हणजे 175, सव्वाशे म्हणजे 125, पावणेतीन हजार म्हणजे 2750. तोंडी हे पक्के आकडे आहेत, ते अंकांत लिहावेत. उलट 'पाच-धा मानसं', 'पंधराएक दिस' हे अंदाज आहेत. त्यांचं '5 ते 10 माणसे' करू नये, 'थोडी माणसे' किंवा 'सुमारे पंधरा दिवस' करावं. 'तीसचा रवा' म्हणजे 30 किलोची गुळाची ढेप. व्यापाऱ्याला सांगावं लागत नाही, बाहेरच्या वाचकाला सांगावं लागतं.

एक उतारा, तीन प्रती

खालचा नमुना समजावून सांगण्यासाठी रचलेला आहे.

पहिली प्रत: 'आता हे बघा [हात: काहिलीतला फेस] (.) हे असं वर येतंय न्हवं, तवा हे मारायचं [हात: भेंडीच्या पाण्याची बादली]. न्हाई मारलं की गेलं. काळा पडतोय मग गूळ. मग ते पान्यात टाकायचं, गोळी झाली का बघायची (.) टण् वाजली की उतरायची लगीच. घाई केली तर चिकाट, उशीर केला तर करपाट [हसतात].'

दुसरी, वाचायची प्रत: 'आता हे बघा, मळीचा फेस असा वर येतोय न्हवं, तवा भेंडीचं पाणी मारायचं. न्हाई मारलं की गेलं, गूळ काळा पडतोय. मग थोडा पाक पाण्यात टाकायचा, गोळी झाली का बघायची. टण् वाजली की लगीच काहील उतरायची. घाई केली तर चिकाट, उशीर केला तर करपाट.'

यात तीनच गोष्टी केल्या. हाताने दाखवलेल्या वस्तूंना नावं दिली, क्रियापदं शेवटी नेली आणि 'पान्यात'चं 'पाण्यात' केलं. शेवटचा बदल वादाचा आहे. न-णचा फरक दुसऱ्या प्रतीत पुसला तर चालतो, कारण तो जवळपास प्रत्येक ओळीत येतो आणि वाचक अर्थ सोडून उच्चारच वाचत बसतो. 'न्हवं, तवा, लगीच, चिकाट' मात्र ठेवले. बोलणाऱ्याची ओळख या शब्दांत आहे. शेवटचं वाक्य तर हात न लावता ठेवायचं. इतकं नेमकं वाक्य प्रमाण मराठीत करायला बसलात तर दुप्पट लांब होईल.

तिसरी, प्रमाण प्रत: 'उकळत्या रसावर मळीचा फेस येऊ लागला की त्यात भेंडीचे पाणी घालावे. ते न घातल्यास गूळ काळा पडतो. पाक तयार झाला का हे पाहण्यासाठी त्याचे थोडे थेंब थंड पाण्यात टाकावेत. घट्ट गोळी होऊन ती आपटल्यावर टण् असा आवाज आला की काहील लगेच उतरवावी. आधी उतरवल्यास गूळ चिकट राहतो, उशीर झाल्यास करपतो.'

इथे 'थंड', 'आपटल्यावर' असे काही शब्द नवीन आले. ते लिहिणाऱ्याने मनाने घालायचे नाहीत, गुळव्याला परत विचारून घालायचे. ढेपेच्या गुळाचा पाक साधारण 118 अंश सेल्सिअसला उतरवतात, ही माहिती तुम्हाला ठाऊक असली तरी त्याच्या तोंडी घालू नये. त्याने थर्मामीटर लावलेला नाही, गोळी वाजवून पाहिली आहे. आकडा द्यायचाच तर वेगळ्या टिपेत, लिहिणाऱ्याच्या नावाने द्यावा.

शुद्धलेखन कुठे लावायचं

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम 1962 सालचे. त्या वेळी ते चौदा होते, 1972 साली आणखी चार जोडले गेले. ते तिसऱ्या प्रतीला पूर्ण लावावेत, दुसरीला अर्धे आणि पहिलीला जवळजवळ नाही. बोलणाऱ्याच्या तोंडी 'असं केलं, मी म्हटलं' ही अनुस्वाराची रूपं नियमांनाही मान्य आहेत. एकाच परिच्छेदात मात्र 'असं केले' अशी खिचडी करू नये. या लेखातली नियमाची वाक्यं अनुस्वाराची आहेत आणि तिसरी प्रत एकाराची आहे, ते जाणूनबुजून.

कानाला न कळणारे नियम लक्षात ठेवून लावावे लागतात. 'गूळ' दीर्घ, पण 'गुळाचा' ऱ्हस्व. 'ऊस' दीर्घ, 'उसाला' ऱ्हस्व. बोलताना हा फरक कुणी काटेकोर पाळत नाही, म्हणून ऐकून लिहिणारा हमखास 'ऊसाचा' लिहितो. दुकानांच्या पाट्यांवरही 'ऊसाचा रस' इतका रुळलाय की बरोबर लिहिलेलंच डोळ्याला खुपतं. चुना आणि चहा यांतल्या च-चा उच्चार वेगळा असला तरी अक्षर एकच राहतं, तिथे खाली टिंब वगैरे देण्याच्या फंदात पडू नये.

विरामचिन्हं श्वासावरून देऊ नयेत. बोलणारा जिथे थांबला तिथे स्वल्पविराम टाकत गेलात तर 'गुळव्या, काहिलीजवळ, उभा राहून' असलं वाक्य तयार होतं. अर्थ जिथे तुटतो तिथेच चिन्ह येतं. तीन टिंबांची रांग तर शक्यतो टाळावी. लिहिणाऱ्याला वाटतं की त्यातून बोलण्याचा सूर उतरतो, वाचणाऱ्याला वाटतं की काहीतरी गाळलं आहे.

इतिवृत्त किंवा अर्ज असेल तर दुसऱ्या प्रतीची गरज नसते, पहिल्या टिपणावरून सरळ तिसरीवर जावं. बैठकीत कोणी 'आवं, चार दिस झालं नळाला पानी न्हाई, काय करायचं मानसानं?' म्हटलं, तर इतिवृत्तात 'चार दिवसांपासून नळाला पाणी नसल्याचे सदस्यांनी सांगितले' एवढंच येईल. प्रश्नचिन्ह जातं, राग जातो. पण 'चार' हा आकडा जाऊ देऊ नये. 'बरेच दिवस' लिहून ठेवलं की पुढच्या पत्रव्यवहारात हातात काही उरत नाही.

वाचून दाखवणं

दुसरी प्रत बोलणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावी. कागद हातात देऊ नये. वाचता येणारी माणसंही छापलेलं दिसलं की मान डोलावतात आणि ऐकलं की अडवतात. 'हे मी असं बोललोच न्हाई' असं ते म्हणाले तर वाद घालू नये. रेकॉर्डिंग लावावं. कधी टाइप करणारा चुकलेला असतो, कधी सांगणाऱ्यालाच ते आता वेगळं सांगायचं असतं. दुसऱ्या बाबतीत मूळ वाक्य पहिल्या प्रतीत तसंच राहू द्यावं आणि बदल तारखेसह दुसऱ्या प्रतीत करावा. शिव्या, उसनवारीचे आकडे, भाऊबंदकीची नावं यांच्याविषयी वेगळं विचारावं. बोलताना सहज निघालेलं सगळं छापायला परवानगी असतेच असं नाही, मग सुरुवातीला संमती घेतलेली असली तरी.

शेवटी चार फाइली राहतात: आवाज, पहिली, दुसरी आणि तिसरी प्रत. चौघींना एकच नाव द्यावं, जसं '2025-01-18_कागल_गुऱ्हाळ_01', आणि मागे 'आवाज', 'शब्दशः', 'वाचनीय', 'प्रमाण' एवढा फरक ठेवावा. बोलणाऱ्याचं नाव फाइलीच्या नावात घालू नये, ते वहीत क्रमांकासमोर लिहून ठेवावं. एक संच फोनबाहेर, पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्याच्या संगणकावर असावा. वहीचे फोटोही त्याच फोल्डरमध्ये टाकावेत, कारण '14:05 बादली' हे दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नसतं.